केंटकी ते इलिनॉय : एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन पूर्वज कसा शोधायचा?

फडताळ
आता बऱ्याच मराठी घरांत अमेरिकन सुना-जावई आहेत. नातवंडांना शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगतात. आपल्या बाजूला कुलवृत्तांत असतो, नाहीतर त्र्यंबकच्या उपाध्यायांची चोपडी. दुसऱ्या बाजूला मात्र "पणजोबांचे आजोबा केंटकीत शेतकरी होते, मग इंडियानात गेले" एवढ्यावर गाडी अडते.
समजा माणूस साधा आहे: जन्म १८१०च्या आधीचा, फोटो नाही, लिहिता-वाचता जेमतेम. ऑनलाइन तीन वंशवृक्ष सापडतात आणि तिन्हींत त्याच्या आईचं नाव वेगळं. सुरुवात कुठून करायची? जाणकारांनी क्रमवार सांगावं, कुठे फसतं तेही लिहावं.

शिरस्तेदार
पहिला नियम: जन्मापासून सुरुवात करू नका, मृत्यूपासून करा आणि एकेक पिढी मागे जा. ते तीन वंशवृक्ष बाजूला ठेवा, कारण बहुतेकदा एकाने लिहिलेलं बाकीच्यांनी उतरवून घेतलेलं असतं.

जनगणना दर दहा वर्षांनी, १७९० पासून. पण प्रत्येक साली कागदावर काय मिळतं ते वेगळं आहे, आणि नवखा माणूस नेमका इथेच गोंधळतो.

१७९० ते १८४० : फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. बाकीच्यांच्या नुसत्या संख्या, वयोगटाच्या रकान्यांत. बायकोचं नाव नाही, मुलांची नाहीत.
१८५० : प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय, जन्माचं राज्य. नातं मात्र लिहिलेलं नाही! घरात चाळीस वर्षांची बाई दिसली म्हणून ती बायकोच असं धरू नका, बहीणही असू शकते. गुलाम माणसं १८५० आणि १८६०च्या वेगळ्या यादीत, तीही मालकाच्या नावाखाली, नुसतं वय-लिंग-वर्ण. त्यांची नावं देशभर पहिल्यांदा येतात ती १८७०मध्ये.
१८८० : प्रमुखाशी नातं आणि आईवडिलांची जन्मराज्यं. एकोणिसाव्या शतकातलं सगळ्यात कामाचं साल.
१८९० : जवळजवळ सगळं गेलं. १० जानेवारी १९२१ला वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली. आगीतून आणि पाण्यातून जे उरलं तेही पुढे सरकारी परवानगीने नष्ट केलं. जेमतेम सहा हजार नावं शिल्लक आहेत.
१९०० : जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, आईला किती मुलं झाली, त्यातली किती हयात.

१८८० ते १९०० हा वीस वर्षांचा खड्डा राज्याची जनगणना, मतदारयाद्या, शहरांच्या डिरेक्टऱ्या यांनी भरायचा. केंद्राच्या मदतीने १८८५ची जनगणना झाली ती फक्त कोलोरॅडो, फ्लोरिडा, नेब्रास्का, डकोटा आणि न्यू मेक्सिको इथे.

अर्धाचहा
आणि त्यातल्या वयांवर विश्वास ठेवू नका हो! स्वतः अब्राहम लिंकनचं घर पाहा. स्प्रिंगफील्ड, इलिनॉय. १८५०च्या कागदात मेरी लिंकन २८ वर्षांची, १८६०च्या कागदात ३५ वर्षांची. दहा वर्षांत बाई सातच वर्षांनी मोठी झाली. खरा जन्म डिसेंबर १८१८चा, म्हणजे १८६०च्या जूनमध्ये ४१ पूर्ण.

शिरस्तेदार
@अर्धाचहा, उत्तम उदाहरण. त्यात जनगणना अधिकाऱ्याला उत्तर कोणी दिलं हे १९४०च्या आधीच्या कागदावर कळतच नाही. घरातल्या पोराने दिलं असेल, शेजाऱ्याने दिलं असेल. आणि वय १ जूनचं धरायचं असा नियम होता (१८३० ते १९००), अधिकारी दारात ऑगस्टमध्ये आला तरी. म्हणून एका जनगणनेवरून जन्मवर्ष ठरवू नये. तीन-चार सालांची वयं शेजारी लिहा. माणूस लहान असतानाच्या जनगणनेतलं वय बहुधा जास्त खरं, कारण लहानपणी वय चोरायचं कारण नसतं.

नकाशेवाला
धागाकर्त्यांनी केंटकी-इंडियाना म्हटलंय, तर लिंकनचंच उदाहरण पुढे नेऊ. अब्राहमचं नाही, त्याच्या वडिलांचं, थॉमसचं. कारण थॉमस लिंकन म्हणजे अगदी तुमचाच माणूस: शेतकरी-सुतार, सही कशीबशी, तीन राज्यांत हिंडलेला. मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून त्याचे कागद कोणीतरी खणून काढले, एवढाच फरक.

थॉमस आणि नॅन्सी हँक्स यांच्या लग्नाची नोंद कित्येक वर्षं सापडत नव्हती. शोधणारे हार्डिन काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) धुंडाळत होते, कारण हे कुटुंब पुढे तिथे राहिलं आणि अब्राहम तिथेच जन्मला. नोंद नाही म्हटल्यावर लग्नच झालं नव्हतं अशी कुजबुज सुरू झाली. शेवटी १८७८मध्ये ती शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये निघाली. १० जून १८०६चा बाँड, आणि १२ जूनला लग्न लावल्याचा जेसी हेड या धर्मोपदेशकाचा अहवाल. नॅन्सी तिथे बेरी कुटुंबात राहत होती. लग्न मुलीच्या गावात!

थॉमसचं दुसरं लग्नही तसंच. राहायला इंडियानात, पण २ डिसेंबर १८१९ची नोंद केंटकीत एलिझाबेथटाउनची, कारण विधवा सारा बुश जॉन्स्टन तिथली. लग्न सापडत नसेल तर नवऱ्याची काउंटी सोडा आणि बायकोचे भाऊबंद कुठे होते ते पाहा.

दुसरी गोम: काउंट्यांच्या हद्दी सारख्या बदलतात. अब्राहमचं जन्मस्थान तेव्हा हार्डिन काउंटीत, १८४३ पासून लारू काउंटीत. इंडियानात ते लोक १८१६च्या डिसेंबरात पोचले तेव्हा ती जागा पेरी काउंटीत होती, १८१८मध्ये स्पेन्सर काउंटी झाली. घर जागचं हललेलं नाही, पण कागद दोन कचेऱ्यांत. साधारणपणे जुनं दफ्तर जुन्या काउंटीकडेच राहतं. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीचा काउंटी-हद्दींचा ऐतिहासिक नकाशासंच फुकट आहे. तारीख टाकली की त्या दिवशीची हद्द दिसते. कुठलाही शोध घेण्याआधी तो उघडावा.
व्हर्जिनियाचंही तसंच. १८६०ला "व्हर्जिनिया" आणि १८७०ला "वेस्ट व्हर्जिनिया" लिहिलेला माणूस बहुधा घरातून उठलासुद्धा नाही. राज्य २० जून १८६३ला वेगळं झालं.

फडताळ
बाँड म्हणजे नेमकं काय? लग्नाचा दाखलाच ना?

मोडीवाचक
नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. दक्षिणेकडच्या राज्यांत लग्नाचे तीन कागद आणि तीन तारखा असू शकतात.
बाँड : लग्नाला कायद्याने आडकाठी नाही याची हमी. पैसे भरायचे नसतात, आडकाठी निघाली तर भरायचे. थॉमसचा बाँड ५० पौंडांचा, केंटकीच्या गव्हर्नरच्या नावे.
लायसन्स : कारकुनाने दिलेली परवानगी.
रिटर्न : लग्न लावणाऱ्याने "लावलं" म्हणून पाठवलेला अहवाल. लग्न झाल्याचा खरा पुरावा हा एकच. नुसता बाँड सापडला तर "लग्न ठरलं होतं" एवढंच म्हणता येतं.

बाँडवर नवऱ्याबरोबर सही करणारा जामीनदार बहुतेक वेळा मुलीचा बाप, भाऊ किंवा काका असतो. माहेरचं आडनाव कळत नसेल तर आधी तो कोण ते शोधा. थॉमसच्या बाँडवर रिचर्ड बेरीची सही आहे, पुढे पालक असा शब्द, स्पेलिंग मोडकंतोडकं. यावरून नॅन्सी अल्पवयीन होती असं मात्र काढू नये. तिचा जन्म १७८४चा मानतात, म्हणजे ती बाविशीची होती.

शब्दांबद्दल अजून थोडं. 'इन्फंट' म्हणजे तान्हं बाळ नव्हे, २१ वर्षांखालचा कोणीही. 'सीनियर-ज्युनियर' हे बापलेक असतीलच असं नाही, एका गावातल्या एकाच नावाच्या दोन माणसांतला फक्त थोरला-धाकटा. थोरला वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर! 'रेलिक्ट' म्हणजे विधवा. पॉली म्हणजे मेरी, पॅट्सी म्हणजे मार्था, सॅली म्हणजे सारा. अक्षरात दोन 'एस' शेजारी आले की पहिला लांब काढतात आणि तो 'एफ'सारखा दिसतो. मोडीत जसा एक फटकारा चुकला की नाव बदलतं, तसंच. त्याच कारकुनाची आधीची-नंतरची पाच पानं वाचा, त्याचा 'एल' आणि 'एस' कसा आहे ते कळतं.

शिरस्तेदार
स्पेलिंगवरून आठवलं. लिंकन हे नाव जुन्या कागदांत लिंकहॉर्न, लिंकर्न असंही येतं. कारकून कानाने लिहायचा. अमेरिकन जनगणनेच्या कार्डसूच्या साउंडेक्स पद्धतीने, म्हणजे नावाच्या उच्चारावरून, लावल्या आहेत: पहिलं अक्षर आणि पुढे तीन आकडे. बी-एफ-पी-व्ही १, सी-जी-के-क्यू-एस-एक्स-झेड-जे २, डी-टी ३, एल ४, एम-एन ५, आर ६. स्वर आणि एच-डब्ल्यू-वाय सोडायचे, लागून आलेली एकाच आकड्याची अक्षरं एकदाच धरायची. स्मिथ आणि श्मिट दोन्ही एस-५३० येतात, छान. पण लिंकनचा एल-५२४ आणि लिंकहॉर्नचा एल-५२६. म्हणजे एकाच माणसाची कार्डं दोन ठिकाणी.
म्हणून संगणकावर शोधताना आडनाव पूर्ण टाकू नका. आडनाव रिकामं ठेवून "पहिलं नाव + जन्मराज्य + वय अधिक-उणे ५ + काउंटी" असं शोधा. नाहीतर काउंटी लहान असेल तर सरळ पान-पान वाचा. तीनशे घरं एका संध्याकाळी होतात, आणि शेजारी कोण होते तेही कळतं. तेव्हा लोक भावकी आणि शेजार घेऊनच स्थलांतर करत. शेजाऱ्याचं मूळ गाव सापडलं की आपल्या माणसाचं सापडायची शक्यता असते.

सातबारा
आयडी पाहून ओळखलं असेलच, मी जमिनीवर लिहिणार. :)

जन्ममृत्यूची राज्यपातळीवरची सक्तीची नोंद फार उशिरा आली. मॅसॅच्युसेट्स १८४१ हा अपवाद. पेनसिल्व्हेनिया १९०६, केंटकीत सलग नोंद १९११ पासून. तेव्हा १८२०च्या केंटकीतला जन्मदाखला शोधत बसू नका, तो नाहीच. जमिनीचे कागद मात्र आहेत, आणि कोर्टहाउस जळालं असेल तरी लोक आपापली खरेदीखतं पुन्हा नोंदवून घेत.

दोन पद्धती आहेत. केंटकी, टेनेसी आणि मूळच्या तेरा वसाहतींत मोजणी झाडा-ओढ्यांवरून. "पांढऱ्या ओकपासून उत्तरेला १२० पोल, तिथून ओढ्याच्या काठाने..." अशी. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. ओक पडला की हद्दीचा तंटा. थॉमसने मिल क्रीकची जमीन १८०३मध्ये २३८ एकर म्हणून घेतली, विकताना ती २०० एकरच भरली. बाकी जमिनींच्या मालकीचेही खटले झाले, आणि तो केंटकी सोडून गेला त्याचं हे एक मोठं कारण. खटल्यांचे कागद म्हणूनच वाचायचे: वारस, साक्षीदार, नाती सगळी तिथे येतात.

इंडियाना, ओहायो, इलिनॉय इथे सरकारी जमीन चौकटींत मोजलेली. टाउनशिपमध्ये ३६ सेक्शन, सेक्शन ६४० एकरांचा, त्याचा चतकोर १६० एकर. थॉमसने १५ ऑक्टोबर १८१७ला व्हिन्सेन्सच्या लँड ऑफिसात सेक्शन ३२चा नैर्ऋत्य चतकोर नोंदवला, टाउनशिप ४ दक्षिण, रेंज ५ पश्चिम (हा त्या मोठ्या चौकटीचा उभा-आडवा क्रमांक). दर एकरी २ डॉलर, हप्त्याने. सगळे हप्ते झेपले नाहीत, तेव्हा अर्धी जमीन परत करून उरलेल्या ८० एकरांचं पेटंट, म्हणजे मालकीची सरकारी सनद, ६ जून १८२७ला मिळालं. पेटंटची तारीख म्हणजे तो तिथे आला ती तारीख, असं समजणारा इथे दहा वर्षांनी चुकला असता.
पेटंटची प्रतिमा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर फुकट दिसते, पण ती फक्त सनद. खरी माहिती मागच्या फाइलीत असते आणि ती नॅशनल आर्काइव्ह्जकडून मागवावी लागते. १८६२च्या होमस्टेड कायद्याखालची (सरकारी जमिनीवर राहून ती कसणाऱ्याला ती मिळे) फाइल तर खजिनाच: पाच वर्षं राहिल्याची दोन साक्षीदारांची जबानी, घर किती बाय किती, किती एकर नांगरले, आणि माणूस परदेशातून आलेला असेल तर नागरिकत्वाचे कागद.

खरेदीखतात दोन जागा आधी पाहा. शेवटी बायकोची संमती: तिचा विधवाहक्क सोडून द्यायला ती हजर असावी लागे, म्हणून तिचं नाव येतं. आणि किंमत. "एक डॉलर आणि प्रेमापोटी" असं लिहिलं असेल तर ते बहुधा नात्यात, बऱ्याचदा बापाने मुलाला दिलेलं असतं; ते नातं कागदाने पडताळून पाहा.

फडताळ
आणि ज्याच्या नावावर जमीनच नाही तो?

सातबारा
करयादी. केंटकीत १७९२ पासून दरवर्षीची आहे. २१ वर्षांचा पुरुष नावानिशी यादीत येतो, जमीन असो वा नसो. नाव पहिल्यांदा कुठल्या साली आलं त्यावरून अंदाजे जन्मवर्ष, कधी गळालं त्यावरून मृत्यू किंवा स्थलांतर. पुढच्या वर्षी त्याच जमिनीवर बाईचं नाव आलं तर बहुधा विधवा.
जमीन का नाही याचंही कारण शोधा. थॉमसचे वडील १७८६मध्ये हल्ल्यात मारले गेले. तेव्हा केंटकी व्हर्जिनियाचा भाग होता आणि थोरल्या मुलाला सगळं मिळण्याचा कायदा चालू होता. थोरल्या मोर्डेकायला मिळालं, धाकट्या थॉमसला काही नाही. म्हणून वडिलांच्या मिळकतीच्या वाटपात त्याचं नाव शोधणं व्यर्थ.

पलटण
पूर्वज यादवी युद्धात (१८६१-६५) उत्तरेकडून लढला असेल तर बाकी सगळं सोडून पेन्शन फाइल मागवा. सेवापुस्तक वेगळं, पेन्शन फाइल वेगळी. सेवापुस्तकात हजेरी आणि आजारपण, घरचं जवळजवळ काही नाही.
विधवेला पेन्शनसाठी लग्न सिद्ध करावं लागे, १६ वर्षांखालच्या मुलांचे जन्म सिद्ध करावे लागत. दाखले नव्हतेच, मग सुईण, शेजारी, दीर यांची प्रतिज्ञापत्रं. काही फाइलींत घरच्या बायबलमधून फाडलेलं पानच लावलेलं आहे. १८९८ आणि १९१५मध्ये पेन्शन ब्युरोने प्रश्नावल्या पाठवल्या: बायकोचं माहेरचं नाव, लग्न कुठे-कधी, कोणी लावलं, हयात मुलांची नावं आणि जन्मतारखा.
फसायची जागा: सूचीच्या कार्डावर अर्जाचा क्रमांक आणि मंजुरीचा क्रमांक असे दोन असतात, सैनिकाचे वेगळे, विधवेचे वेगळे. विधवेला मंजुरी मिळाली असेल तर सैनिकाचेही कागद तिच्या क्रमांकाखाली गेलेले असतात. मागणीपत्रात सगळे क्रमांक लिहा आणि "संपूर्ण फाइल" असं स्पष्ट मागा, निवडक पानांवर समाधान मानू नका. फेटाळलेला अर्जही मागवा. फेटाळलेल्याची फाइल बऱ्याचदा जास्त जाड, कारण चौकशी जास्त झाली.
दक्षिणेकडून लढणाऱ्याला केंद्राचं पेन्शन नव्हतं, राज्यांनी दिलं. तेही तो म्हातारपणी जिथे राहत होता त्या राज्याने. अलाबामाच्या पलटणीत लढून टेक्ससला गेला असेल तर कागद टेक्ससमध्ये.

अर्धाचहा
वाचनखूण साठवली. थडग्यावर "वय ५८ वर्षे ७ महिने २० दिवस" असं असतं त्याचं काय करायचं?

मोडीवाचक
वर्षं, मग महिने, मग दिवस अशा क्रमाने वजा करा. मृत्यू ४ मार्च १८८१. ५८ वर्षं वजा: ४ मार्च १८२३. ७ महिने वजा: ४ ऑगस्ट १८२२. २० दिवस वजा: १५ जुलै १८२२. एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक धरून चाला, कारण दगड घडवणाऱ्याकडे हिशेब घरच्यांनी दिलेला. दगड नंतर बसवलेला आहे का तेही पाहा. १८२०चा मृत्यू आणि चकचकीत ग्रॅनाइट असेल तर तो नातवंडांनी बसवलाय.
बायबलमधल्या नोंदींचंही तसंच. आधी मुखपृष्ठामागचं छपाईचं साल बघा. बायबल १८४५चं आणि नोंदी १७९० पासून, तर त्या आठवणीतून लिहिल्यात. शाई आणि हस्ताक्षर सगळीकडे एकच असेल तर एका बैठकीत लिहिल्यात. लिंकन घराण्याच्या बायबलमधलं पान अब्राहमने वडील गेल्यावर १८५१मध्ये लिहिलं, तेव्हा तो स्वतः बेचाळिशीचा. आईच्या जन्माचा तो साक्षीदार नव्हे.

नगरी
थोडं अवांतर. कोणाच्या सासरच्या झाडात "जन्म : भारत" असा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन निघाला तर दचकू नका. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३पासून आणि अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) १८३१पासून होतं. मिशनऱ्यांची मुलं इथे जन्मत आणि पुढे शिकायला तिकडे जात. त्यांचा जन्म अमेरिकेतल्या कुठल्याही काउंटीत सापडणार नाही. पत्रव्यवहार अमेरिकन बोर्डाच्या (हे मिशन चालवणाऱ्या संस्थेच्या) दफ्तरात आहे, ते हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत ठेवलंय.

फडताळ
सर्वांचे आभार. आता मूळ अडचण: आईची तीन वेगळी नावं. डीएनएने सुटेल का?

शिरस्तेदार
काही अंशी. साधी चाचणी पाच-सहा पिढ्यांपर्यंतच उपयोगी. ज्यांचे पणजोबांचे आजोबा एकच अशा लांबच्या चुलतभावांच्या (फोर्थ कझिन) जोड्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत काहीच सामाईक तुकडा उरत नाही, म्हणून जुळलं नाही याचा अर्थ नातं नाही असा होत नाही. बापाकडून मुलाकडे जातो तो वाय डीएनए, आईकडून मुलांकडे जातो तो मायटोकॉन्ड्रियल; त्यांच्या चाचण्या वेगळ्या. दुसरीसाठी सलग मुलींच्या ओळीने आलेला हयात वंशज लागतो.
नॅन्सी हँक्सचंच पाहा. तिची आई ल्यूसी हँक्स की दुसरी कोणी यावर शंभर वर्षं वाद. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायटोकॉन्ड्रियल तपासणीत नॅन्सीच्या बाजूची आणि ल्यूसीच्या बहिणींची ओळ एकच निघाली, गट एक्स-१-सी, जो फार दुर्मीळ आहे. आईचा प्रश्न मिटला. बापाचा नाही, कारण मायटोकॉन्ड्रियल चाचणीत बाप दिसतच नाही.

तुमच्या तीन नावांसाठी एक तक्ता करा. प्रत्येक नावासमोर: हे पहिल्यांदा कुठल्या कागदात आलं, तो कागद घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला, आणि माहिती देणारा तिथे हजर होता का. दोन नावं इथेच गळतील. तिसऱ्यालाही कागद नसेल तर चौकट रिकामी ठेवा आणि खाली कुठल्या काउंटीची कुठली वही, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत पाहिली ते लिहा.

मोडीवाचक
+१. आणि वही पाहिली म्हणजे सूची नव्हे, पानं. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर आता हस्तलिखित खरेदीखतं आणि मृत्युपत्रं यंत्राने वाचून शोधता येतात, खातं फुकट आहे. सूचीत फक्त देणारा-घेणारा असतो, साक्षीदार नसतात. या नव्या शोधात साक्षीदार आणि शेजारीही सापडतात. त्या तीन बायकांची माहेरची आडनावं तिथे, त्याच काउंटीपुरती, आज रात्री टाकून बघा.